घरच्या राउटरची स्मृती

(नभोवाणीवरील भाषण)

घरातले इंटरनेट चालेनासे झाले म्हणजे राउटर बंद करावा, दहापर्यंत आकडे मोजावे आणि पुन्हा चालू करावा, हा उपाय आता आजीबाईच्या बटव्यातल्या सुंठीइतका सर्वमान्य झाला आहे. त्याने गुण येतो, यात शंका नाही. परंतु तो का येतो आणि चार दिवसांनी तेच दुखणे पुन्हा का उलटते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. दोष बहुधा लहरींच्या माथी मारला जातो. भिंती जाड आहेत, शेजाऱ्याचे वाय-फाय जोराचे आहे, मध्ये लोखंडी कपाट आले आहे, अशी कारणे सांगितली जातात. ही कारणे खोटी नव्हेत. तथापि जे दुखणे राउटर बंद करून चालू केल्याने बरे होते, ते भिंतीचे कसे असेल? त्या कृतीने भिंत काही पातळ होत नाही. क्वचित राउटर या निमित्ताने कमी गर्दीची वाहिनी निवडतो हे खरे. पण जी गोष्ट दर खेपेस हटकून घडते ती ही की, त्याची मेमरी पुसली जाते. आजच्या भाषणाचा विषय ती मेमरी हाच आहे.

राउटर म्हणजे अँटेना लावलेली एक डबी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो पुरता संगणक होय. त्याला पडदा व कळफलक नाहीत, एवढेच. बहुतेक घरगुती राउटरांत लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. या संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची, तिला फ्लॅश म्हणतात. कंपनीने घातलेली प्रणाली आणि आपण ठरविलेला पासवर्ड तिच्यात राहतो. ती छापील पोथीसारखी आहे. वीज गेली तरी तिच्यातले अक्षर पुसत नाही. दुसरी चालू कामाची, म्हणजे रॅम. ती शाळकरी मुलाच्या पाटीसारखी आहे. सारा हिशेब तिच्यावर मांडावयाचा आणि वीज गेली की पाटी कोरी. मेजावरच्या संगणकाची रॅम अपुरी पडली, तर तो काही मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो. राउटरला सहसा अशी अडगळीची खोलीच नसते. पाटी भरली म्हणजे भरली.

ही पाटी किती लहान असू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर २००२ च्या डिसेंबरात जाहीर झाला आणि पुढे जगभर खपला. त्यात १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश होती. त्यातील प्रणाली लिनक्सवर आधारलेली आहे, हे हौशी जाणकारांच्या ध्यानात आले, आणि लिनक्सच्या परवान्यातील अटीप्रमाणे २००३ साली तिचा मूळ मजकूर प्रसिद्ध करणे भाग पडले. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही स्वयंसेवकांनी चालविलेली राउटर-प्रणाली उभी राहिली. पुढे २००५ साली त्याच राउटरची पाचवी आवृत्ती निघाली. नाव तेच, रूपही जवळजवळ तेच. रॅम मात्र ८ मेगाबाइट आणि फ्लॅश २ मेगाबाइट! एवढ्या जागेत लिनक्स मावेना, म्हणून आत व्हीएक्सवर्क्स ही आटोपशीर प्रणाली घातली गेली, आणि ज्यांना लिनक्सच हवे त्यांच्यासाठी नावाच्या शेवटी ‘एल’ अक्षर जोडून जुन्या मापाचा राउटर वेगळा विकला गेला. एका नगामागे वाचणारी किरकोळ रक्कम लाखांनी गुणली की केवढी होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु गिऱ्हाइकाने पेटी उलटीसुलटी करून पाहिली तरी हा फरक सहजासहजी त्याच्या डोळ्यांत भरला नसता. आजही खोक्यावर वेग ठळक अक्षरांत छापतात, अँटेना किती ते चित्रात दाखवितात. मेमरीचा आकडा मात्र बहुधा शोधावाच लागतो.

आता या पाटीवर राउटर लिहितो तरी काय, ते पाहू. इंटरनेटच्या जुन्या आणि अद्याप प्रचारात असलेल्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देणे यातून शक्य होणार नाही, हे नव्वदीच्या दशकाच्या आरंभीच दिसू लागले होते. म्हणून १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती मांडली. जुन्या वाड्यांची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती चटकन समजेल. वाड्याला नगरपालिकेचा क्रमांक एकच, आत बिऱ्हाडे मात्र दहा. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता माहीत; कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे देवडीवर बसलेल्या कारकुनाने आपल्या पाटीवरून सांगावयाचे. घरचा राउटर हा तो कारकून. फोनवरून कोणी बातम्यांचे पान मागविले, की राउटर नोंद करतो: अमुक यंत्राने तमुक ठिकाणी विचारणा केली आहे, उत्तर आले की त्याच्याकडे पोहोचवावे. मूळ निवेदनात ही युक्ती अल्पकालीन तोडगा म्हणूनच सुचविली होती. लग्नापुरता घातलेला मांडव पुढे तीस वर्षे उभा राहावा, तसे तिचे झाले. नव्या, मोठ्या पत्तापद्धतीत तिची गरज उरत नाही. तरी आगंतुकांना आत येऊ न देण्यासाठी राउटर तेथेही अशा नोंदी ठेवतोच.

लिनक्समध्ये अशा एका नोंदीला सुमारे ३०० बाइट लागतात. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु एकच वृत्तपत्रीय पान उघडले तरी मजकूर, चित्रे, जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या कंपन्या यांच्यासाठी डझनावारी संभाषणे सुरू होतात. घरातले चार फोन, एक दूरदर्शन संच, दारावरचा कॅमेरा, मुलांचा संगणक, हे सारे आपण झोपलो तरी बोलत असतात. राउटरला १६,३८४ नोंदींची मुभा दिली, तर केवळ या एका यादीला जवळजवळ ५ मेगाबाइट लागतील. ज्याची एकूण रॅम ३२ मेगाबाइट आहे आणि तिचा मोठा भाग प्रणालीनेच व्यापला आहे, त्याला हा खर्च परवडणारा नाही.

खरी मेख पुढेच आहे. नोंद करणे सोपे. ती पुसावयाची केव्हा, हा प्रश्न अवघड. दोन यंत्रांनी रीतसर निरोप घेतला तर राउटर नोंद पुसून टाकतो. पण माणूस फोन खिशात घालून बाजारात निघून जातो. फोनने निरोप घेतलेला नसतो, आणि कारकुनाला वाटते संभाषण चालूच आहे. मग त्याने किती वेळ वाट पाहावी? लिनक्सने मुळात ठरविलेली मुदत ५ दिवसांची आहे! मोठ्या मेमरीच्या यंत्राला हे औदार्य शोभते. लहान राउटरवर मात्र गेलेल्या पाहुण्यांची पाने पाच दिवस मांडून ठेवल्यासारखे होते, आणि नव्या पाहुण्याला बसावयास जागा उरत नाही. २००८ च्या एका मानक-निवेदनाने ही मुदत २ तास ४ मिनिटांहून कमी नसावी एवढेच सांगितले. ओपनडब्ल्यूआरटीने नेमकी तेवढीच, म्हणजे ७,४४० सेकंद ठरवून टाकली. माझ्या मते राउटरच्या आरोग्याचे मर्म या एका आकड्यात जितके दिसते तितके अँटेनांच्या संख्येत दिसत नाही.

यादी भरली म्हणजे जे लक्षण दिसते ते ओळखण्यासारखे आहे. चालू असलेली संभाषणे चालूच राहतात, कारण त्यांची नोंद झालेली असते. नव्यांना मात्र प्रवेश नाकारला जातो. म्हणजे एका खोलीत मुलीचा परीक्षेचा वर्ग सुरळीत चाललेला आहे, आणि दुसऱ्या खोलीत आजोबांनी डॉक्टरांशी बोलण्यासाठी पान उघडले तर ते उघडत नाही. वाय-फायच्या रेघा पूर्ण, वेगही ठीक, आणि तरीही पान कोरे. अशा वेळी राउटर खिडकीत नेऊन ठेवण्याने काही साधत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. राउटरच्या माहितीपानावर ‘मेमरीचा वापर ८० टक्के’ असे पाहून पुष्कळांना धास्ती वाटते. लिनक्सची रीत अशी की, मोकळी रॅम निष्कारण पडू द्यावयाची नाही. नुकताच वाचलेला मजकूर पुन्हा लागेल म्हणून तिच्यात हाताशी ठेवावयाचा आणि कोणी जागा मागितली की लगेच सोडावयाचा. ही जागा भरलेली दिसते, पण अडलेली नसते. ‘मोकळी’ मेमरी आणि ‘उपलब्ध’ मेमरी या भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद दाखविणारा स्वतंत्र आकडा लिनक्समध्ये २०१४ साली आला. तेव्हा ८० टक्के हा आजार नव्हे. सोमवारी ५०, मंगळवारी ५८, बुधवारी ६६ आणि रात्री सर्व निजल्यावरही खाली न येणारा चढ, हा मात्र आजार होय.

हा चढ कशाने होतो? पूर्वी गावात कार्यासाठी समाईक भांडी असत. कार्य झाले की मोजून परत करावयाची. एखादे घर दर खेपेस दोन वाट्या परत करावयास विसरले, तर पहिल्या वर्षी कोणाच्या ध्यानातही येणार नाही. दहाव्या वर्षी पंगतीला वाट्या पुरणार नाहीत. राउटरमधील कार्यक्रम प्रणालीकडून अशीच जागा मागून घेतात आणि काम झाल्यावर त्यांनी ती परत करावयाची असते. लिहिणाऱ्याच्या हातून एखाद्या वाटेवर परतफेड राहून गेली, की त्या वाटेने होणाऱ्या प्रत्येक येरझारीला थोडी जागा कायमची बुडते. याला मेमरीची गळती म्हणतात. मेजावरच्या संगणकावर ती लपून जाते, कारण तेथे रॅम विपुल आणि माणूस रोज संगणक बंद करतो. राउटर महिनोन्‌महिने चालू असतो.

शेवटी एक वेळ अशी येते की, जागा मागणाऱ्याला देण्यास काही उरत नाही. मग लिनक्स एक कठोर निर्णय घेते. चालू कार्यक्रमांपैकी ज्याला बंद केल्याने पुरेशी जागा सुटेल असा एक निवडते आणि त्याचा तत्काळ शेवट करते. बळी जाणारा गळती करणाराच असेल असे नाही. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकांतला पत्ता शोधून देणारा कार्यक्रम गेला, तर घरातील कोणालाच कोणतेही नाव सापडत नाही. तेथून पुढे कधी सारी प्रणालीच गोठते. पुष्कळ राउटरांत अशा प्रसंगासाठी एक पहारेकरी घड्याळ असते. ठरावीक वेळात प्रणालीची हाक आली नाही, की ते राउटर आपोआप नव्याने सुरू करते. संध्याकाळी दोन मिनिटे वाय-फायचे नावच यादीतून नाहीसे होऊन परत येते, ते पुष्कळदा यामुळे.

मेमरी वाढविली की प्रश्न सुटला, असेही नाही. बाहेर जाणारी वाट अरुंद असली की पॅकेटे राउटरमध्ये रांगेत थांबतात. रॅम स्वस्त झाल्यावर ही रांग लांब ठेवण्याची चाल पडली. एकही पॅकेट टाकून द्यावयाचे नाही, हा त्यामागचा सद्धेतू. परिणाम पाहा. बाहेरचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आणि रांगेत १ मेगाबाइट मजकूर थांबलेला असेल, तर नव्या पॅकेटाचा क्रम यावयास ८ सेकंद लागतील. कोणी छायाचित्रे चढवू लागला की शेजारच्या खोलीतले बोलणे तुटते, ते यामुळे. जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये आपल्या घरीच हा त्रास मोजला आणि त्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर तोडगा काढला: पॅकेटे रांगेत सतत काही हजारांश सेकंदांहून अधिक थांबू लागली, की थोडी जाणूनबुजून टाकून द्यावयाची, म्हणजे पाठविणारा आपला वेग आवरतो. गंमत अशी की, या तोडग्याची पुढे जी सुधारलेली आवृत्ती लिनक्समध्ये आली, तिला स्वतःसाठी ३२ मेगाबाइटपर्यंत मेमरी वापरण्याची मुभा होती, आणि कित्येक राउटरांची सगळी मेमरीच तेवढी होती! ओपनडब्ल्यूआरटीला ती मर्यादा ४ मेगाबाइटवर आणावी लागली.

इथवर घरातल्या गैरसोयीचा विचार झाला. या दुर्बलतेला बाहेरून धक्का बसला तर काय होते, हे २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत दिसले. डॉइचे टेलिकोम या कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एकाएकी बंद पडले. त्यांचे इंटरनेट गेले आणि त्याच यंत्रावर चालणारे टेलिफोन व दूरदर्शनही गेले. मिराई नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाचा एक अवतार त्या दिवसांत जगभरच्या राउटरांची दारे ठोठावीत होता. कंपन्यांना दुरून देखभाल करता यावी म्हणून ठेवलेले ७५४७ क्रमांकाचे दार त्याने निवडले होते. नंतरच्या तांत्रिक तपासणीत असे दिसले की, हे जर्मन राउटर त्या कार्यक्रमाच्या ताब्यात गेलेच नव्हते. त्यांच्यात तो शिरू शकेल अशी प्रणालीच नव्हती. नुसत्या ठोठावण्याने त्यांचे कामकाज अडकून पडले. चोराला घरात शिरता आले नाही, पण दार इतक्या वेळा वाजले की घरातल्यांनाच बाहेर पडता येईना. उपाय म्हणून ग्राहकांना सांगितले गेले ते आपलेच घरगुती औषध: राउटर बंद करा, थोडे थांबा, पुन्हा चालू करा, म्हणजे सुधारित प्रणाली उतरवून घेता येईल.

२०१८ च्या मे महिन्यात तर अमेरिकेच्या एफबीआयने घरोघरचे राउटर एकदा बंद करून चालू करण्याचे जाहीर आवाहन केले. व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातकी कार्यक्रमाने किमान ५ लाख यंत्रे बाधित झाल्याचे तेव्हा उघडकीस आले होते. त्याचे अधिक धोकादायक भाग केवळ रॅममध्ये राहत असल्याने पाटी पुसली की ते नाहीसे होत. पहिला भाग मात्र फ्लॅशमध्ये घर करून बसे आणि इतरांना पुन्हा बोलावू पाही. पाटी आणि पोथी यांतील भेद किती व्यावहारिक आहे, हे यावरून ध्यानी यावे. मिराई स्वतः रॅममध्येच राही. पण पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला, तर राउटर चालू होताच काही मिनिटांत तो परत येई.

आणि येथेच लहान मेमरीचा सर्वांत मोठा तोटा दिसतो. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या करावयाच्या तर प्रणाली नवी घालावी लागते, आणि दर नवी प्रणाली जुनीपेक्षा थोडी थोराड असते. ओपनडब्ल्यूआरटीने २०२१ च्या सप्टेंबरात काढलेल्या आवृत्तीसाठी किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम ही अट घातली. ४ आणि ३२ मेगाबाइटचे असंख्य राउटर त्या दिवशी रेषेबाहेर गेले. त्यांचे दिवे लागत होते, वाय-फाय चालत होते. फक्त नवी पोथी त्यांच्यात मावत नव्हती. स्वयंसेवकांनी निदान तसे सांगितले तरी. कित्येक कंपन्या दुरुस्त्या कधी थांबविल्या ते गिऱ्हाइकाला कळवीतही नाहीत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा वस्तू विकताना सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील, हे सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, मग घराच्या वेशीवर बसणाऱ्या यंत्रावर का नसावी?

घरच्या घरी काय करता येईल? राउटरच्या माहितीपानावर मेमरीचा आकडा आणि राउटर किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, असे दोन आकडे दिसत असतील, तर आठवडाभर रोज एकाच वेळी वहीत टिपावे. चढून एका ठिकाणी स्थिरावणारा आकडा काळजीचा नाही. सतत चढणारा दिसला तर प्रथम कंपनीची नवी प्रणाली घालावी. मग जे वापरात नाही ते बंद करावे: पेनड्राइव्ह लावून चित्रपट वाटण्याची सोय, वापराची आकडेवारी, पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय. जाहिराती अडविण्यासाठी लाखो नावांची यादी राउटरमध्ये भरण्याची हौस मोठ्या रॅमवरच करावी. आकडे ठीक असूनही राउटर बंद पडत असेल, तर मेमरीला दोष देऊ नये. राउटरवर हात ठेवून तो तापला आहे का ते पाहावे, त्याच्यावर ठेवलेली मासिके काढावी, आणि जुना अ‍ॅडॅप्टर त्याच मापाच्या नव्याने बदलून पाहावा. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या गावांत अ‍ॅडॅप्टर राउटरच्या आधी थकतो.

रोज पहाटे राउटर आपोआप बंद-चालू होण्याची सोय काही राउटरांत असते. ती लावण्यात कमीपणा नाही. गळती असलेल्या राउटरवर तिने महिने निभावतात. फक्त तिने वहीतला चढ रोज पुसला जाईल, म्हणून आठवड्याच्या नोंदी होईतो ती लावू नये. राउटर इंटरनेट-कंपनीचा असेल तर तीच वही तक्रारीसाठी आलेल्या माणसापुढे उघडावी. ‘बंद करून चालू करून पाहिले का?’ या त्याच्या प्रश्नाला मग तारखा आणि वेळांसकट उत्तर देता येते.